भाऊजींची माघार

निवृत्तीनंतर माणसाला छंद लागतो आणि त्याची झळ घरच्यांना लागते. माझ्या भाऊजींनी जन्मभर लोकांचे पाण्याचे मीटर वाचले. आता ते सुतारपक्षी वाचतात.

इमारतीमागच्या वठलेल्या झाडात एका जोडीनं ढोली कोरली होती. अंडी व्हायची होती. नराचं टोपरं पूर्ण लाल, मादीचं निम्मं, आणि भुसा बाहेर टाकायचं काम दोघांचं, एवढं भाऊजींनी दुर्बिणीतून टिपलं होतं. ‘दोघांचं’ हे ताईनं मुद्दाम पुन्हा विचारून घेतलं.

मी गेलो तेव्हा भाऊजी गॅलरीत पळी घेऊन उभे.

"मेहुणे, तो खोडावर तडतड वाजवतो ना, ते किड्यांसाठी नसतं. ही जागा माझी, असं दुसऱ्या नराला बजावणं असतं. आता बघा."

त्यांनी गॅलरीलगतच्या पाण्याच्या लोखंडी पाइपवर पळी तडतडवली. नर हजर. त्यानं कठड्यावरून भाऊजींना टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि पाइपवर चढून असं काही वाजवलं, की शेजारणीनं नळ बंद करून पाहिला. भाऊजींनी पुन्हा वाजवलं. त्यानंही. जेवण निवलं तरी दोघं हटेनात.

"अहो, पळी द्या. वाढायचंय."

"चमच्यानं वाढ. निरीक्षण चाललंय."

"तो तुम्हाला दुसरा नर समजतोय."

"या वयात कुणी समजत असेल तर समजू दे की."

ताईनं दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली आणि मान झाडाकडे वळवली. एक साळुंकी काडी घेऊन ढोलीत शिरत होती, दुसरी दारात पहारा देत होती. सुतारमादी फांदीवरून ओरडत होती, पण एकटी दोघींना पुरी पडत नव्हती.

"तुम्ही त्याला इथे भांडायला बसवलंय, आणि तिकडे त्याचं घर हातचं चाललंय."

भाऊजींचा चेहरा पडला. "जाऊन हुसकावू का त्यांना?"

"झाडावर चढणार आहात? तुम्ही फक्त हरा."

आम्ही आत येऊन दार लावलं. बाहेर तडतडाट झाला. भाऊजींची बोटं गुडघ्यावर वळवळली.

"बोलावतोय गं."

"बोलावू दे."

"पळपुटा म्हणेल मला."

"म्हणू दे. मी कुणाला सांगणार नाही."

आणखी एकदा तडतडून तो थांबला. खिडकीतून पाहिलं तर स्वारी झाडाकडे निघालेली. मग बराच वेळ नुसता कलकलाट. शेवटी साळुंक्या उडाल्या आणि ढोलीतून काड्या बाहेर पडू लागल्या. एकदा लाल टोपरं डोकावायचं, एकदा निम्मं. भाऊजींनी सुस्कारा सोडला, तो मीटर बरोबर निघाल्यासारखा.

तेव्हापासून गॅलरी त्याची. तो रोज येऊन पाहणी करून जातो. कपडे बैठकीच्या खोलीत वाळतात.

परवा जेवताना भाऊजींनी सवयीनं ताटावर चमचा वाजवला. पाइपवरून लगेच उत्तर आलं.

ताईनं चमचा उचलून घेतला. "हातानं जेवा."