तोंडातला शब्द

पूर्णेच्या बाजारात ईश्वरअप्पांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रप्पा रोज गाडीनं ये-जा करत परभणीच्या शाळेतून मॅट्रिक पास झाला आणि त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा सल्ला देणारेच जास्त येऊन बसले. निजामाच्या राज्यात, त्या काळी, पूर्णेसारख्या गावात मॅट्रिक झालेलं पोरगं म्हणजे अख्ख्या पेठेची मालमत्ता. एकजण म्हणाला, पुण्याला पाठवा. दुसरा म्हणाला, पुण्याला इंग्रजीत शिकवतात, पोरगं उर्दूत शिकलेलं, त्याला काय उमगणार? नागपूरचं नाव निघालं. हैदराबादच्या निजाम कॉलेजाचं निघालं, पण तिथं नवाबांची पोरं शिकतात, असं म्हणून मागंही पडलं. ईश्वरअप्पांच्या बायकोचा, बसम्माचा भाऊ म्हणाला, "शिकलं तेवढं बास झालं की. गादीवर बसवा."

ईश्वरअप्पा सगळ्यांचं ऐकून घेत, चहा पाजत आणि शेवटी एकच सांगत, "मी त्याला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात घालून वकील करायलोय."

चंद्रप्पा तिथंच मागे ठाणांच्या घड्या घालत बसलेला असे. तो काहीच बोलत नसे.

बोलायला गेलं की त्याची जीभ अडायची. अगदी लहानपणापासून. एखादं अक्षर ओठाशी येऊन असं रुतायचं की मान ताणली जायची, डोळे मिटायचे, समोरचा माणूस इकडंतिकडं पाहू लागायचा. घरात या गोष्टीचं नाव कुणी काढत नसे. बसम्मानं नवससायास केले, तेही मुलाच्या नकळत. ईश्वरअप्पांनी त्यांच्यापुरता एक उपाय काढला होता. पोराचं वाक्य ते स्वतःच पुरं करत. चंद्रप्पा "प... प..." म्हणाला की ते घरात हाक देत, "पाणी आणा गं याला." लहानपणी कैकदा त्याला पतंग हवा असे. पण आलेलं पाणी तो मुकाट्यानं पिऊन टाकी.

अशा मुलाला वकील करायचं ईश्वरअप्पांच्या डोक्यात कुठून आलं, हे पेठेत कुणाला कळत नव्हतं. तोंडावर विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

चंद्रप्पाचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी ताटात तशीच राहू लागली. बसम्मा नवऱ्याला म्हणाली, "लेकराला काय तरी होयलंय. तुमी विचारा तरी त्याला."

"हैदराबादची धास्ती घेतली असंल. पहिल्यांदाच घर सोडायलाय," ईश्वरअप्पा म्हणाले. "परभणीला घेऊन जातो. व्यंकटराव वकिलांची भेट घालून देतो. एकदा कोर्टातला इजलास डोळ्यानं पाह्यला की धास्ती मोडंल."

व्यंकटराव परभणीच्या मुन्सिफ कोर्टातले जुने वकील. त्यांच्या घरचं कापड वर्षानुवर्षं ईश्वरअप्पांच्या दुकानातून जाई. एका सोमवारी बापलेक सकाळच्या गाडीनं परभणीला उतरले. गाडीत ईश्वरअप्पाच बोलत होते. आधी इंटर, मग बी.ए., मग वकिली. सगळं उस्मानियातच. उर्दू पक्की आहेच. काळा कोट हैदराबादेतच शिवायचा. चंद्रप्पा खिडकीबाहेर पाहत होता. त्यानं एकदा "अप्पा, म... म..." असं सुरू केलं.

"मुक्काम? मुक्काम न्हाई करायचा. संध्याकाळच्या गाडीनं वापस."

चंद्रप्पानं मान हलवली.

व्यंकटराव कोर्टाच्या पायरीवरच भेटले. घाईत होते. "या, ईश्वरअप्पा. आत येऊन मागे बसा. आश्रुबाच्या खटल्याची पेशी आहे. ती आटोपली की निवांत बोलू."

आश्रुबा झरीचा शेतकरी. त्याच्या बांधावरचा आंबा कुणीतरी तोडून नेला होता. त्याचं म्हणणं, शेजारच्या नरबाजीनंच तोडला. झाड तोडताना ज्यानं पाहिलं असा माणूस एकच, लिंबाजी. तो गवाहीला उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, मळकट पटका बांधलेला. नाव सांगायलाच त्याला फार वेळ लागला. "लिं... लिं... लिं..." आणि मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.

चंद्रप्पानं बाकाची कड घट्ट धरली. शेजारी बसलेल्या ईश्वरअप्पांनी मान खाली घातली.

व्यंकटरावांनी हळूहळू विचारून त्याच्याकडून थोडंफार वदवलं. आंबा तोडताना पाहिला. उजाडलं होतं. मग नरबाजीचा वकील उठला. तो झपाट्यानं विचारी, आणि लिंबाजी अडखळला की स्वतःच शब्द पुरवी. "दूर होतास ना? हां, दूर होता. डोळ्यांना कमी दिसतं ना? हां." लिंबाजीचं तोंड उघडे, मिटे, आणि तोवर पुढचा प्रश्न येऊन पडे.

"मग झाड तोडणारा माणूस तू ओळखलास का?"

"न्... न्... न्..."

"न्हाई!" वकील वळला. "हुजूर, नाही म्हणतोय. लिहून घ्यावं."

पेशकारानं दौतीत टाक बुडवला. लिंबाजीची मान ताणलेली होती, डोळे मिटलेले, ओठ थरथरत होते.

चंद्रप्पा उभा राहिला. आपण कधी उभे राहिलो, हे त्यालाही कळलं नाही.

"त्यांचा श... श... शब्द," तो म्हणाला. सगळे वळून पाहू लागले. कोर्टाच्या शिपायानं त्याला बसायची खूण केली. चंद्रप्पाचेही डोळे मिटले, मान ताणली, पण तो थांबला नाही. "त्यांचा शब्द अ... अजून त... तोंडातच हाय. त्यांनी न... न्हाई म्हटलं न्हाई."

पंख्याची दोरी ओढणाराही थांबला. मुन्सिफ साहेबांनी चष्मा काढला. उर्दूत विचारलं, हा मुलगा कोण? व्यंकटराव लगबगीनं उठून म्हणाले, "माझ्या ओळखीचा आहे, हुजूर. लेकरू आहे, माफी असावी."

"इजलासात मधे बोलायची मनाई आहे. बसा खाली," मुन्सिफ साहेब म्हणाले. मग बराच वेळ ते लिंबाजीकडे पाहत राहिले. पेशकाराला म्हणाले, "टाक ठेवा. आता कुणी बोलायचं नाही. गवाहाला बोलू द्या."

बाहेर झाडावर कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज. लिंबाजीनं डोळे उघडले, एक लांब श्वास घेतला, पुन्हा अडला, पुन्हा श्वास घेतला.

"न... नरबाजी," तो म्हणाला. "नरबाजी होता. माझा च... चुलतभाऊ हाय, सायब. त्याला मी कसा वळखणार न्हाई?"

या वेळी कुणी हसलं नाही. पेशकारानं नाव लिहून घेतलं.

दुपारी तिघं कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसले. बसम्मानं दिलेली शिदोरी ईश्वरअप्पांनी सोडली, पण घास घ्यायचं त्यांना सुचेना. त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"वकीलसाहेब, पाह्यलं ना तुमी? भर इजलासात उभं राह्यलं माझं लेकरू! मी म्हणत होतो ना, कोर्टात गेला की धास्ती आपोआप मोडंल. असा वकील अख्ख्या जिल्ह्यात होणार न्हाई. आता पक्कं झालं, चंद्रप्पा. उद्याच—"

चंद्रप्पाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ज्या गोष्टीतून सुटायचं, तिच्यातच आपण आणखी खोल रुतलो, असं त्याला झालं. त्यानं व्यंकटरावांकडे पाहिलं. व्यंकटरावांनी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचले होते.

"चंद्रप्पा," ते म्हणाले, "आज तू जे केलंस ते सोपं नव्हतं. पण तुला वकील व्हायचंय का?"

"व्हायचंय की!" ईश्वरअप्पा म्हणाले. "त्यानंच—"

व्यंकटरावांनी हात वर केला. "ईश्वरअप्पा, गवाह बोलतोय. मधे बोलायची मनाई आहे."

चंद्रप्पा बोलायला लागला आणि पहिल्याच अक्षराला अडला. ईश्वरअप्पांचे ओठ सवयीनं हलले. ते शब्द शोधू लागले होते. मग त्यांनी स्वतःच स्वतःच्या तोंडावर उपरणं धरलं.

"न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. "म... मला वकील न्हाई व्हायचं."

आणि पुढं तो बोलतच राहिला. वेळ लागला, पण बोलला. दुकानातलं एक लाल लुगडं पहिल्याच धुण्याला उतरतं आणि दुसरं फाटेपर्यंत लालच राहतं, असं का होतं हे त्याला लहानपणापासून कळून घ्यायचं होतं. रंगाऱ्याच्या भट्टीशी तो तासन्‌तास उभा राही. तुरटी घातली की रंग धरतो, पण का धरतो हे रंगाऱ्याला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, ते सगळं एका विद्येत आहे.

"उस्मानियात शिकवतात. क... क..."

कुणी काही पुरवलं नाही.

"कीमिया."

"कीमिया?" ईश्वरअप्पा दचकले. "म्हणजे ते लोखंडाचं सोनं करतात ते? लेकरा, असल्या नादानं लय घरं बुडाली!"

व्यंकटराव मोठ्यानं हसले. "अहो, ते नव्हे. रसायनशास्त्र. उस्मानियात उर्दूतून शिकवतात, म्हणून नाव कीमिया. हा इंटरला सायन्स घेईल, मग बी.एस्‌सी. पुढे गिरण्यांना अशी माणसं लागतात, सरकारी प्रयोगशाळांना लागतात, शाळा-कॉलेजांना लागतात. आणि पुण्याचं म्हणाल तर याचं सगळं सायन्स उर्दूत झालंय. तिथं जाऊन हा दोन वर्षं नुसती इंग्रजी नावं घोकत बसेल. हैदराबादच याला बरं." मग ते चंद्रप्पाकडे वळले. "पण एक ऐकून ठेव. तिथंही तोंडी परीक्षा असते. परीक्षक समोर बसून विचारतो. त्यातून सुटका नाही."

"देईन," चंद्रप्पा म्हणाला. "व... वेळ लागंल."

"लागू दे."

ईश्वरअप्पा बराच वेळ पायाजवळच्या निंबोळ्या चाळवत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला वकिलीचं काय पडलेलं न्हाई रे. पण लोक हसतात. गिऱ्हाइकं हसतात, सोयरे हसतात. मी पाहतो ना. मला वाटलं, काळा कोट अंगात आला की कुणाची हसायची हिंमत होणार न्हाई."

त्यांच्या तोंडून ती गोष्ट पहिल्यांदाच बाहेर आली होती. चंद्रप्पा चकित होऊन बापाकडे पाहत राहिला. आजवर त्याला वाटे, अप्पांना आपली लाज वाटते. आता कळलं, ते तर इतकी वर्षं भीतच होते.

"ह... हसू द्या, अप्पा," तो म्हणाला. "मला आता त्याचं क... काई वाटत न्हाई. तुमी माझं वाक्य तोडता, त्याचं व... वाटतं."

ईश्वरअप्पांच्या डोळ्यांना धार लागली. व्यंकटराव उठून विनाकारणच पाणी आणायला गेले.

"मग सांगितलं कामून न्हाईस रे आधी?" ईश्वरअप्पांनी विचारलं आणि स्वतःच्याच प्रश्नावर त्यांना हसू आलं. चंद्रप्पालाही आलं. दोघं लिंबाखाली बसून असे हसत सुटले की कोर्टातून बाहेर पडलेला लिंबाजी थबकला. तो जवळ आला, चंद्रप्पाच्या पाठीवर त्यानं भला मोठा हात ठेवला. काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं, मग मान हलवून तसाच गेला. चंद्रप्पाला सगळं पोचलं.

त्यानंतर दोघांनी शिदोरी संपवली. चटणीसुद्धा उरली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं घरी आल्यावर ईश्वरअप्पांनी बसम्माला एवढंच सांगितलं, "पोरगं कीमिया शिकायलंय. सोन्याची न्हाई, रंगाची." बसम्माला त्यातलं काही कळलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला, मुलगा वाढून घेताना पाहिला आणि तिनं पुढं विचारलंच नाही.

हैदराबादला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी पूर्णेच्या स्टेशनवर बसम्मा भेटेल त्या बाईला सांगत होती. वळकटी नीट बांधली का, धपाटे किती दिवस टिकतील, तिकडचं पाणी मानवंल का, लिंगपूजेच्या आधी काही खाऊ नको म्हणावं, धोब्याकडं टाकलेले कपडे मोजून घेत जा म्हणावं. बोलता बोलता तिचं तिलाच जाणवलं, आज आपल्याला सगळ्या आयांना असते तेवढीच काळजी आहे. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा धपाट्यांवर आली.

चार वर्षांनी चंद्रप्पा बी.एस्‌सी. झाला. तोंडी परीक्षेला त्याच्यापाशी इतर मुलांपेक्षा जास्त वेळ मोडला आणि मार्कही चांगले पडले. जीभ काही सुटली नाही, जन्मभर अडतच राहिली. पुढं तो नांदेडला गिरणीत रंगखात्याला लागला. तिथल्या कामगारांना रंगसाहेबाचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची सवय झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हैदराबादची गाडी सुटली, शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी ईश्वरअप्पा फलाटावर उभेच होते. बसम्मा म्हणाली, "चला ना आता."

"चल," ते म्हणाले. "आज बाजार हाय. दुकान उघडाया उशीरच झाला."