मी दाखवलेला नऊचा आकडा

मी एक जुना पीएच मीटर आहे. एखादा पदार्थ लिंबासारखा आंबट आहे की साबणासारखा बुळबुळीत, हे मी आकड्यात सांगतो. मित्रांनो, शुद्ध पाण्याचा आकडा सात; त्याखाली आंबट, त्यावर साबणासारखे. तुमच्या त्वचेचा साधारण साडेपाच.

नवा होतो तेव्हा काय तोरा होता माझा! या प्रयोगशाळेत वनस्पतींपासून त्वचेला लावायचे जेल बनवतात, आणि माझ्या आकड्याशिवाय एकही बाटली बाहेर जात नसे. पुढे बटणांवरची अक्षरे पुसली गेली, कोपऱ्याला चिकटपट्टी लागली. माझी काचेची नळी द्रावणात बुडवून ठेवायची असते, तेही लोक विसरू लागले. कोरडा पडलो की माझा जीव कासावीस होतो. मदतनीस मामा तेवढे आठवणीने द्रावण भरत.

इथल्या संशोधक ताईची आई पंचवीस वर्षे धुलाईघरात कपडे धुते. तिच्या तळहातांना अशा भेगा पडल्या होत्या की पाण्यात हात घातला की डोळ्यांत पाणी येई. कोरफड आणि झेंडूच्या जेलने ते हात बरे करायचे, हा ताईने ध्यासच घेतला होता. जेल तयार झाले त्या दिवशी आई स्वतःच येऊन बसली.

"लाव गं आता, किती वाट बघू?" ती म्हणाली.

ताईने माझी नळी जेलमध्ये बुडवली. मी नऊ दाखवले.

"मामा, या म्हाताऱ्याला चळ लागलाय," ताई हसली. "जेल बघा कसं नितळ झालंय." तिने बोटावर जेल घेतलेसुद्धा. भेगांमध्ये ते गेले असते तर आईच्या हातांची आग आग झाली असती, आणि मला मेल्याला ओरडताही येत नाही.

"त्याला नावं ठेवण्याआधी त्याची परीक्षा तर घे," मामा म्हणाले.

त्यांनी ठरलेल्या आकड्यांची द्रावणे आणली. सातच्या द्रावणात मी सात दाखवले, दहाच्या द्रावणात दहा. ताईचा चेहरा पडला. जेल घट्ट करणारी पावडर रात्रभर भिजवायची असते. आईला लवकर बरे वाटावे म्हणून तिने ती तासभरच भिजवली होती. जेल पातळ राहिले, म्हणून घट्ट होईपर्यंत ती आम्लारीचे, म्हणजे आकडा वर नेणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकत गेली होती.

"आई, चूक माझी आहे. आज नको."

"बरं झालं आधीच कळलं," आई म्हणाली. मला ती फार आवडली.

पावडर रात्रभर भिजवून केलेल्या नव्या जेलचा आकडा मी साडेपाच दाखवला. ताईने ते आधी स्वतःच्या दंडावर लावून दोन दिवस पाहिले. लाली नाही, खाज नाही. मगच आईला दिले.

महिन्याभराने आई पुन्हा आली. "हाच का तो खरं बोलणारा?" असे विचारून तिने माझ्यावरची धूळ तळहाताने पुसली. तळहात खरखरीत होता, पण भेगा भरल्या होत्या.

मित्रांनो, मीही चुकतो. चुकलो तर खुशाल दुरुस्त करा. पण आकडा आवडला नाही म्हणून मला खोटे ठरवू नका. आधी तपासा, कारण समोर कुणीतरी विश्वासाने हात पुढे करून बसलेले असते.