गाठीत अडकलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. टेबलावर उभा राहणारा, लवचीक काळ्या मानेचा, डोक्यावर स्पंजाची टोपी घातलेला. सुरुवातीलाच एक विनंती करून ठेवतो. मी कुठे भेटलोच, तर टिचक्या मारून 'हॅलो, हॅलो' करू नका. तुमच्या डोक्यावर कुणी टिचक्या मारल्या, तर तुम्हाला आवडेल का?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात केसाएवढ्या बारीक तारा जोडल्या, मला तोंडाशी धरलं आणि त्या हलकेच खोकल्या. मी ऐकलेला पहिला आवाज तो! समोरच्या यंत्राचा काटा हलला, बाई स्वतःशीच हसल्या आणि मी खोक्यात जाऊन पडलो.

खोकं उघडलं ते एका ध्वनिमुद्रणाच्या जागी. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी तिथे गोष्टींची पुस्तकं मोठ्यानं वाचून साठवली जात. महागडे माईक आतल्या खोलीत रुबाबात लटकत असत आणि मी बाहेर, सरावाच्या टेबलावर. पण तिथंच मला ताई भेटली. तिचा सिंह पोटातून बोलायचा आणि मुंगी नाकातून. वाचताना चुकली की ती जीभ चावायची आणि मला म्हणायची, "सॉरी हं!" माईकला सॉरी म्हणणारी माणसं किती असतील हो जगात?

पुढे ताईला बाळ होणार म्हणून तिनं काम सोडलं. निघताना तिथल्या ध्वनिमुद्रकांनी मला उचलून तिच्या पिशवीत ठेवलं. "घेऊन जा याला. तुझ्याच आवाजाची सवय झालीय त्याला," ते म्हणाले.

मग माझे दिवस खणात गेले, दुपट्यांच्या घडीखाली. घरातली चिमी, म्हणजे ताईची लेक, रांगू लागली आणि तिनं मला शोधून काढलं. तिला दात येत होते आणि माझी टोपी मऊ होती. पुढचं काय सांगू? खणात परत गेल्यावर फटीतून मला ताईचा आवाज ऐकू यायचा. "आ कर", "नको, तोंडात नको", "झोप गं राणी". सिंह मात्र कुठे गेला होता कोण जाणे!

आणि एक दिवस त्याच ध्वनिमुद्रकांचा फोन आला. ढगाच्या गोष्टींचं नवं पुस्तक होतं. ताईनं पहिली गोष्ट घरूनच माईकवर वाचून संध्याकाळपर्यंत पाठवायची. आवडली तर अख्खं पुस्तक तिचं, नाहीतर ते दुसरीकडे जाणार. ताईनं फोन ठेवला. मग तिनं खण उघडला.

घरातला जुना कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता. पण ताईच्या नणंदेनं सुटे भाग जमवून नवा जोडायला घेतला होता आणि त्याच सकाळी त्याचं झाकण लागलं होतं. आता फक्त चिमीनं झोपायचं होतं. तिची दुपारची झोप म्हणजेच ताईचं ऑफिस!

चिमी झोपली. नणंदेनं माझी पिन कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खोचली. ताई माझ्यापाशी वाकून म्हणाली, "एक होता ढग..." पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी रेघ सरळच्या सरळ.

सगळं कुजबुजत चाललं होतं. नणंदेनं आवाजाची पट्टी वर सरकवली, माईक वापरायची परवानगी दिली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली, 'माईक सापडला नाही'. मी समोर धडधडीत उभा, आणि म्हणे सापडला नाही!

"वहिनी, हा म्हातारा गेला बहुतेक," नणंद म्हणाली. "चावून चावून मारला तुझ्या लेकीनं."

"हळू बोल गं, उठेल ती." ताईनं माझी वायर गुंडाळायला घेतली. "नवा आणेपर्यंत ती काही झोपून राहायची नाही. राहू दे. नाहीतरी इतक्या दिवसांनी मला काय वाचता येणार होतं?"

मित्रांनो, मला म्हातारा म्हटल्याचं काही वाटलं नाही. पण ताईचं ते वाक्य मला फार लागलं.

नणंदेलाही लागलं असावं. तिनं गळ्यातला इअरफोन काढला. त्यालाही इवलासा माईक होता. तो तिनं त्याच भोकात घातला. तोही मुका!

"हा तर सकाळी ठणठणीत होता. फोनवर याच्यातूनच मैत्रिणीशी भांडले मी," ती पुटपुटली. मग एकदम सरळ बसली. "वहिनी, दोघं एकदम कसे मरतील? खोट या भोकातच आहे!"

तिनं वीज बंद केली, प्लग काढला आणि झाकण उघडलं. आत काय टापटीप होती म्हणून सांगू! सगळ्या वायरी शर्टाच्या घडीसारख्या बसवलेल्या, वर पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या.

"हे मी नाही केलं," नणंद म्हणाली. "मी तर नुसतं घरटं करून ठेवलं होतं." तिनं दाराकडे मान वळवली आणि कुजबुजतच ओरडली, "बाबाऽ!"

नणंदेचे बाबा, म्हणजे ताईचे सासरे, शिवणकाम करतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. गळ्यात मापाची टेप घेऊन ते आले.

"मीच केलं ते. तू हात धुवायला गेलीस तेव्हा. झाकणही मीच लावलं. केवढी टोकं लोंबत होती! असलं काम आमच्यात गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. एक तर नुसतीच सुटी होती, ती दुमडून मागे टाचून टाकली."

"बाबा, ती सुटी नव्हती हो! माझ्याकडून जोडायची राहिली होती. पुढच्या भोकातला आवाज तिच्यातूनच आत जातो."

मास्तरांचा चेहरा पडला.

"कापली तर नाहीत ना?" ताईनं घाबरून विचारलं.

"छे गं पोरी! कात्री हातात होती, पण विचारल्याशिवाय मी काही कापत नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि गाठ उसवायला घेतली. मास्तरांचीच गाठ ती, सहजी सुटते होय? अखेर वायर मोकळी झाली. नणंदेनं तिचं टोक आत जागेवर दाबून बसवलं आणि यंत्र सुरू केलं. पुन्हा माझी पिन आत गेली. हिरवी रेघ एकदम उसळली!

पण तो आवाज ताईचा नव्हता. शेजारच्या खोलीत चिमी रडत होती.

मास्तर धावले. "चल, मशीन दाखवतो," म्हणाले, पण चिमीला आईच हवी होती. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"घे तिला मांडीवर आणि वाच," नणंद म्हणाली.

"मध्येच रडली तर?"

"तर रडली. वाच तू!"

मास्तरांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि ते दार धरून उभे राहिले. ताईनं सुरुवात केली. आधी आवाज जरा गंजलेला निघाला. मग ढग बोलू लागला, मग वारा आणि मग तो पोटातला जुना गडगडाट आला! चिमी मान वर करून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आपल्या आईच्या आत एवढे सगळे राहतात, हे तिला कुठे ठाऊक होतं? गोष्ट संपली. खोली शांत झाली. तेवढ्यात मांडीवरून एकच शब्द आला, "अजून!"

तोही मी जपून पोचवला. नणंद तो कापायला निघाली, तर ताई म्हणाली, "राहू दे."

संध्याकाळी उत्तर आलं, "पुस्तक तुझं. 'अजून'वालीला मात्र पुढच्या वेळी झोपवून बस."

आता मी रोज कामावर असतो. मित्रांनो, माझ्यासारख्यांना धुळीपासून जपा. पिन काढताना वायर ओढू नका, पिनेलाच धरा. आणि एखादी जुनी वस्तू गप्प झाली, तर भंगारात देण्याआधी तिची वाट कुठे अडली आहे ते नीट बघा. माणसांचंही तसंच बघा. माझी ताईसुद्धा गप्पच झाली होती. तिला "वाच तू" म्हणणारं कुणीतरी हवं होतं.