तळपायाचा फोटो

कांद्याची खुरपणी अर्ध्यावर आली आणि थोरली तिसऱ्यांदा बांधावर जाऊन टेकली, तेव्हा धाकटीचं डोकं फिरलं. उन्हानं ढेकळं तव्यासारखी तापलेली, चार वाफे अजून तणात बुडालेले.

"अक्का, काम निघालं की बरा पाय दुखतो तुमचा," ती म्हणाली.

थोरल्या जाऊबाईनं नुसता पाय उचलून दाखवला. टाचेखाली तळपायाला काळा डाग होता, मसुरीएवढा.

"काटा मोडला असंल," धाकटी म्हणाली.

"चार महिने कुठला काटा राहतो गं?"

धाकटी तोंडाची फटकळ, पण मनाची खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच थोरलीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक नर्सबाई आणि एक पाटीएवढा सरकारी फोन. कातडीचा डॉक्टर शहरात बसायचा. नर्सबाईनं डागाशेजारी मोजपट्टी धरली, फोटो काढून पाठवला. दुपारी डॉक्टरचा निरोप आला : आता काही ठरवता येत नाही. तीन महिन्यांनी दुसरा फोटो पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून बघू. वाढला असला तर लगेच कापून तपासू.

तीन महिने थोरली टाच उचलून चालली. डाग वाटाण्याएवढा झाला, कडा फुटल्यागत पसरल्या. तारखेला दोघी पुन्हा गेल्या. नर्सबाईनं नवा फोटो काढला आणि जुना शोधायला लागली. बोटानं वर सारलं, खाली सारलं. मग तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

नर्सबाई खोटं बोलली असती तरी खपलं असतं, पण तिनं खरं तेच सांगितलं. "मागच्या महिन्यात वरच्या साहेबांचा फोन आला होता. नव्या इमारतीच्या उद्घाटनाचे फोटो आणि व्हिडिओ आजच्या आज पाहिजेत म्हणाले. फोनमध्ये जागा नव्हती. म्हणाले, जुने काढून टाका, डॉक्टरांकडं सगळे आहेत."

"मग डॉक्टरकडचा बघा."

"त्यांच्याकडं दोन महिन्यांच्यावर ठेवत नाहीत म्हणे. जागा पुरत नाही. ते समजत होते, इथं आहेत."

डॉक्टरही आता दुसराच होता. त्याचा निरोप संध्याकाळी आला : तुलनेसाठी आधीचा फोटो नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाठवा.

"मी डोळ्यांनी बघितलंय वाढलेलं," धाकटी म्हणाली. "मसुरीचा वाटाणा झालाय. हे लिहून कळवा त्याला."

"कळवलं बाई, दोनदा. ते म्हणतात, सांगण्यावर जाता येत नाही."

शहरात स्वतःहून जायचं तर कांदा उघड्यावर पडला होता. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता डागातून रक्त यायला लागलं. तेव्हा कुठं नवऱ्यानं आणि दिरानं तिला गाडीत घातलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी हातानं चाचपून बघितलं, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला आणि आठवड्यात घोट्यावरून पाय काढला. जांघेत गाठ लागली होती. तिचं पुढं बघू म्हणाले, आणि 'बघू' म्हणताना थोरलीकडं कुणी बघितलं नाही.

ती घरी आल्यावर पंधरा दिवसांनी वरच्या कचेरीतून एक साहेब आला. मागं नर्सबाई, मान खाली घालून. साहेबानं कागद वाचून दाखवला. रुग्ण पहिल्यांदा केंद्रात आली, तेव्हाच डाग पसरलेला होता, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली थोरलीचा अंगठा पाहिजे होता.

"ती तीन महिने आधी आली होती," धाकटी म्हणाली. "मी होते संगं."

"नोंद दाखवा."

"नोंद तुमच्याच उद्घाटनानं खाल्ली."

"बाई, फोनमध्ये नाही ते आम्हाला धरता येत नाही," साहेब शांतपणे म्हणाला. "चौकशी लावायची तर लावू. फोटो कुणी काढून टाकले, तिथपासून लावू."

नर्सबाईनं पदर तोंडाला लावला. थोरलीनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग हात पुढं केला. साहेबानं शाईची डबी उघडली. अंगठा उठला, कागद घडी होऊन पिशवीत गेला. चहासुद्धा न घेता साहेब निघाला, नर्सबाई मागंच राहिली.

"हात कसा धजला अक्का तुमचा?" धाकटीचा आवाज चिरकला. "पाय गेला तुमचा, आणि खोटं पण तुमच्याच अंगठ्यानं?"

"चौकशी लागली असती तर घरी कोण बसलं असतं? तो का ही?"

"मग बसू द्या. हिनंच पुसला ना फोटो?"

"पुसला तिनं, सांगितलं त्यानं. चोर सोडून संन्याशाला फाशी." थोरलीनं पांघरुणाखाली उरलेला पाय जरा हलवला. "आणि ही गेली की केंद्राला कुलूप. पोटुशी आहेस तू. अडलीस तर कोण येणार रात्री-बेरात्री? तो फोन?"

नर्सबाई उंबऱ्यातच खाली बसली होती. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

धाकटीनं तेलाची बाटली आणली, पदराचा बोळा केला आणि थोरलीचा अंगठा पुसायला घेतला. शाई नखाच्या कडेला बसली होती, जाईना. ती घासत राहिली, अंगठा लाल झाला तरी.

"दुखतंय गं," थोरली म्हणाली. पण हात तिनं काढून घेतला नाही.