निवडटिपण

कुशाबाईंनी हौदातून बादली भरली, कमरेवर पेलली आणि पायरीपासून तुळशीपर्यंतच्या फरशीवर एका दमात ओतून दिली. खडूनं काढलेली चित्रं पाण्यात विरघळू लागली. आधी कोंबडीची शेपटी गेली, मग सूर्य, मग ‘आ’चा काना. चार वर्षांची आरोही हातात निळा खडू धरून मागं सरकली आणि पाणी आपल्या पायापर्यंत येतंय का, ते बघत राहिली.

“विहीणबाई, पोरगी अजून काढत व्हती,” पायरीवर बसलेल्या कोंडाबाई म्हणाल्या.

“फरशी धुवायची येळ झाली.”

“सकाळीच धुतली की तुमी.”

“माझं अंगण हाये. दिसातनं दहा येळा धुवीन.”

कोंडाबाईंनी पदरानं नातीचे पाय पुसले आणि तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “वाळलं की परत काढू हां आपण.” कुशाबाईंना ते शिवीपेक्षा जास्त झोंबलं. त्यांनी रिकामी बादली हौदाच्या कठड्यावर अशी आदळली, की आतल्या खोलीत निजलेल्या नूतनला कळावं.

नूतन कुशाबाईंची सून आणि कोंडाबाईंची लेक. तिला सातवा लागला होता. वार खाली सरकलेली, म्हणून नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही असं बजावलं होतं. मागच्या खेपेचं बाळ पाचव्यातच गेलं होतं, त्यामुळं ह्या वेळी कुणी हलगर्जी करायला तयार नव्हतं. नवरा आदेश पिकअपमधून भाजीपाला घेऊन वाशीला जायचा, एक दिवस घरी, एक दिवस रस्त्यावर. त्यात वस्तीच्या मागच्या उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन बसलेली. अंगणवाडीची वाट त्याच उसाच्या कडेनं जात असल्यामुळं निमगाव साव्याच्या त्या वस्तीवरून कुणीच लेकरं पाठवत नव्हतं. आरोही दिवसभर घरात कोंडलेली.

सुरुवातीला कुशाबाईंनी तिच्या हातात मोबाइल दिला होता. पोरगी गप्प बसायची, फक्त मधूनच “दादी, मुझे पानी चाहिए” म्हणायची. कुशाबाईंना त्याचं कौतुकच होतं. पण कोंडाबाई महाळुंगे पडवळहून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तो मोबाइल फडताळावर वरच्या कप्प्यात ठेवून दिला. कुशाबाईंना न विचारता. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची उमर गेलेली. पिशवीतून त्यांनी खडू काढले, रंगीत मणी काढले, जुन्या साड्यांच्या चिंध्यांच्या बाहुल्या काढल्या आणि पोरगी त्यांच्यामागं कोकरासारखी फिरू लागली.

कुशाबाईंचा राग मात्र त्याच्याही आधीचा होता. नूतन महाळुंग्याच्या बौद्ध वस्तीतली. आदेशनं घरात न सांगता तिच्याशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा भावकीनं वर्षभर ह्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. कुशाबाईंना एकुलता एक मुलगा गमवायचा नव्हता, म्हणून त्यांनी सुनेला घरात घेतलं. तिच्या माणसांना घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांत कोंडाबाई ह्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. आता चढल्या, त्या डॉक्टरीणबाईंच्या शब्दापायी.

आल्या दिवशी कुशाबाईंनी त्यांना पाणी दिलं ते पडवीच्या खिडकीतल्या वेगळ्या पेल्यातून. पेला चांगला होता, घासलेला होता, पण तो नंतर आत गेला नाही. कोंडाबाईंनी त्या पेल्याकडं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला लागल्या. ती बाटली बघून कुशाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरचं पाणी चालत नाही होय हिला! स्वयंपाकघरात येऊ नका, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. कोंडाबाई दारापाशी आल्या, की त्या चौकटीत उभ्या राहायच्या, एवढंच. उभ्या राहिल्या की दार भरून जायचं.

मग पोरीवरून रस्सीखेच सुरू झाली. कोंडाबाई तिला मणी ओवायला बसवत, तेवढ्यात कुशाबाई आतून हाक मारत, “आरू, ये, तुला इवलीशी चानकी लाटायला कणीक देते.” आरोही कणकेची चिमणी करून बाहेर दाखवायला न्यायची, तर कोंडाबाई विचारत, “चिमणीला पाय किती असत्यात गं?” की पोरगी पुन्हा तिकडंच. कुशाबाईंनी मग बियाण्याच्या घेवड्याचा डबा काढला, अंड्यावर बसलेली कोंबडी दाखवली, धर्माजी आजोबांच्या वेळचा बैलांच्या घुंगरांचा चाळ आणून तिच्या पायात बांधला. कुशाबाईंचा नवरा गेल्यापासून त्या चाळाला कुणी हात लावला नव्हता. पोरगी घरभर छुमछुम करत नाचली आणि नाचत नाचत पडवीत गेली.

“वाजीव अजून,” कोंडाबाईंचा आवाज आला. “आता मी टाळी वाजवीन तवाच पाय उचलायचा हां.”

कुशाबाई चुलीपुढं बसून राहिल्या. माझ्याच चाळावर हिचा खेळ.

एका दुपारी भावकीतले गेणभाऊ आले. वर्षभर पाणी न घेणाऱ्यांत ते पुढं होते आणि नंतर पहिला चहा प्यायला आले तेही तेच, म्हणून कुशाबाई त्यांना फार जपायच्या. गेणभाऊ खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच आरोही धावत त्यांच्यापुढं गेली, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“जयभीम आजोबा!”

गेणभाऊंनी टोपी सारखी केली. “शिकली म्हणायची पोरगी,” ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून, पंप बंद करायचा राहिलाय असं सांगून ते उठले.

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत कुशाबाईंनी दम धरला.

“ह्ये शिकवायला आल्या का तुमी हितं?”

“मी शिकवलं न्हाई,” कोंडाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाचा फोन आला व्हता. माझं ऐकून म्हणाली ती. आन् म्हणाली तर काय वंगाळ बोलली?”

“चार लोकांत माझी मान खाली घातली!”

“राम राम म्हणली असती तर वर झाली असती का?”

“माझ्या घरात माझ्या पद्धतीनंच व्हईल. पटत नसंल तर फाटक उघडं हाये.”

“जातेच की. आरोहीला घिऊन जाते. आमच्याकडं अंगणवाडी घराला लागून हाये. चार लेकरांत तरी राहील.”

“पोरीला न्यायची? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार न्हाई मी! कोण समजता तुमी स्वतःला?”

कोंडाबाई उभ्या राहिल्या. त्या उंचीनं लहान होत्या, पण त्या वेळी तसं वाटलं नाही. “तिची आजी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नातीत निम्मं रगत आमचं हाये, विहीणबाई. त्ये कुठल्या बादलीनं धुणार?”

कुशाबाईंच्या तोंडाला आलं ते त्या बोलून गेल्या. कोंडाबाईंच्या वस्तीबद्दल, त्यांच्या देवाधर्माबद्दल, नूतननं मुलाला नादी लावल्याबद्दल. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडलं. कोंडाबाईंनीही काही शिल्लक ठेवलं नाही. दोघींचा आवाज पार उसाच्या फडापर्यंत गेला असेल.

“आई!”

आतून हाक आली आणि दोघी एकदमच वळल्या. नूतन दोघींनाही आईच म्हणायची. दारात आरोही उभी होती. तिनं आत बोट केलं.

“आईला दुखतंय. चादर वली झाली.”

चादरीवर रक्त होतं. आदेश नशिबानं घरी निघालाच होता. त्यानं पिकअपच्या हौद्यात गादी टाकली, नूतनला नारायणगावला नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. बाळ वाचलं होतं. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नूतनला निजवून आदेश पडवीत आला. तो दोघींपैकी कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हता.

“तुमाला भांडायचंच असंल तर उसाच्या बांधावर जाऊन भांडा,” तो म्हणाला. “बिबट्या हाये तिथं. त्याला तरी करमंल.”

त्यानंतर घर गप्प झालं. दोघी बोलेनाशा झाल्या. पण भांडी बोलायची, दारं बोलायची. कोंडाबाई पडवीतून आत आल्या, की कुशाबाई देवाच्या नावानं मोठ्यानं सुस्कारा टाकत. कुशाबाई अंगणात आल्या, की कोंडाबाई आपली पिशवी उचलून पाठीमागच्या सावलीत जात. दोघी एका जागी आल्या की वाऱ्याला सुद्धा धार यायची.

ह्या दिवसांत आरोही कुशाबाईंकडं जास्त येऊ लागली. एका दुपारी ती सुपात मटकी घेऊन आली. मटकीत मूग मिसळलेले होते, चांगले ओंजळभर.

“हे कुणी केलं गं?”

“मी. तू निवड. हिरवं एकीकडं, तांबडं एकीकडं.”

“आन् तू काय करणार?”

“मी बघते. तू उठायचं न्हाई हां, आजी. सगळं व्हईस्तवर.”

एरवी असल्या नासाडीबद्दल पाठीत धपाटा बसला असता. पण कुशाबाईंना उलट बरं वाटलं. शेवटी पोरगी आपल्याकडं वळली. त्यांनी चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून निवडायला घेतलं. आरोही थोडा वेळ जवळ बसली, मग कुठंशी गेली, मग आली, किती राहिलं ते बघितलं, पुन्हा गेली. निवडून होत आलं, की ती वाटीभर आणखी काहीतरी आणून ओतायची. कधी तांदळात साबुदाणा, कधी घेवड्यात शेंगदाणे. असं रोजच चाललं. कुशाबाई मनात म्हणायच्या, ती बाई मणी ओवायला शिकवते काय? माझ्याकडं धान्य ओळखायला शिकतेय पोर. ऐकू जावं म्हणून त्या मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, “शाब्बास गं माझी बाय!”

एके दिवशी पुन्हा मटकी-मूगच होते, ते लवकर निवडून झाले. दोन ढीग स्वच्छ झाले आणि आरोहीचा पत्ता नव्हता. कुशाबाई उठल्या, गुडघा चोळला आणि तिला शोधत पाठीमागच्या दाराकडं गेल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून कोंडाबाई दिसत होत्या, भिंतीला टेकून बसलेल्या. मांडीवर मण्यांचा डबा, हातात दोरा. आरोही त्यांच्यापुढं उकिडवी बसली होती.

“अजून एक माळ कर,” ती सांगत होती. “लाल, मग पिवळा, मग लाल.”

“केली की बाय. ही बघ.”

“अजून मोठी कर. ती आजी आत कामात हाये, तिचं व्हईस्तवर तू हितनं उठू नको.”

“बरं.”

“आवाज पण करू नको.”

“न्हाई करत.”

आरोही उठली आणि भिंतीला धरून पलीकडच्या खिडकीशी गेली. ती नूतनच्या खोलीची खिडकी. टाचा उंच करून तिनं गजांना धरलं.

“दोघी कामात हायेत,” ती दबक्या आवाजात आत बोलली. “झोप तू.”

आतून नूतन काय म्हणाली, ते कुशाबाईंना ऐकू आलं नाही. त्या तिथंच दाराला धरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता पुढं होऊन पोरीला उचलावं. हात मात्र कडीवरच राहिला.

आरोहीची पाठ वळलेली होती. कोंडाबाईंनी एकवार तिच्याकडं बघितलं, ओवलेल्या माळेची गाठ दातांनी सोडली आणि सगळे मणी आवाज न होऊ देता डब्यात ओघळू दिले. मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिला लाल मणी उचलला. मान वर केली तेव्हा त्यांना फटीत कुशाबाई दिसल्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. कोंडाबाईंच्या चेहऱ्यावर ना हसू होतं ना राग. त्या पुन्हा खाली बघून दुसरा मणी शोधू लागल्या.

कुशाबाई आल्या तशा परत गेल्या. उंबऱ्याशी बसल्या. सुपातले दोन ढीग होते तसेच होते, एक हिरवा, एक तांबडा. त्यांनी दोन्ही हात सुपात घातले आणि मूग मटकीत कालवले, अगदी तळापासून. मग चष्मा लावला.

चाळ वाजला नाही, पावलंही वाजली नाहीत, पण आरोही शेजारी येऊन उभी राहिलेली त्यांना कळली.

“झालं का, आजी?”

कुशाबाईंनी वर बघितलं नाही. एक हिरवा दाणा वेचून बाजूला ठेवला.

“न्हाई गं बाय,” त्या म्हणाल्या. “लई राहिलंय अजून.”