समुद्र दिसणारी खोली

अथांग समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाला आपली खरी उंची कळते. दंतवैद्यांना ती लिफ्टमध्ये कळली. बटणावर लिहिलेलीच होती: दोन.

जहाजावर सरळ व्यवस्था होती. ज्याचा मजला वरचा, त्याच्या वाट्याला समुद्र जास्त. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांच्या वाट्याला अजिबात नव्हता. तिथे खिडकीच्या जागी पडदा होता आणि पडदा सारला की भिंत. पडद्यामागे एक दिवा बसवलेला होता, म्हणजे बाहेर सकाळ झाली असं ज्याला वाटून घ्यायचं असेल त्याने वाटून घ्यावं. सहा वर्षांच्या मिरीने आल्या आल्या तो पडदा सारला, लावला, पुन्हा सारला, आणि विचारलं, "बाबा, समुद्र अजून यायचाय का?"

तिच्या धाकट्या भावाला घरात भोंगा म्हणत. तो अडीच वर्षांचा होता आणि नाव सार्थ करण्यात त्याने कधी कुचराई केली नव्हती. खोलीतल्या संडासाने पाणी ओढताना जो आवाज केला, तो ऐकून त्याने ठरवून टाकलं की ह्या प्रवासात ती क्रिया करायची नाही. केली तर दुसरीकडे कुठेही.

हे सगळं दंतवैद्य सहन करायला तयार होते. त्यांचं मागणं एकच होतं. आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो हे साडूंना कळता कामा नये.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने कर सल्लागार. साडू हे नातं दोन बहिणी जुळवतात आणि दोन पुरुष आयुष्यभर निस्तरतात. त्यात प्रेम नसतं, द्वेष नसतो, नुसती मोजपट्टी असते. दंतवैद्यांनी गाडी घेतली की साडू तिचं कौतुक करत आणि महिन्याभरात त्यांच्या दारात एक फूट लांब गाडी उभी राही. म्हणून सासऱ्यांकडच्या जेवणात दंतवैद्यांनी आवाज न चढवता, सहज सांगितल्यासारखं सांगितलं की ह्या सुट्टीत मुलांना घेऊन क्रूझ करतोय. थोरलीचा घास हातातच राहिला. तेवढ्या क्षणासाठी दंतवैद्यांनी कितीतरी लोकांचे दात काढले होते.

साडूंनी मनापासून अभिनंदन केलं आणि त्याच आठवड्यात त्याच जहाजावर नवव्या मजल्याची गॅलरीवाली खोली घेतली. "तुमच्यामुळे सुचलं हो, डॉक्टर," ते फोनवर म्हणाले. "तुमचा मजला कितवा?"

"आठवा," दंतवैद्य म्हणाले. नऊ म्हणायची छाती झाली नाही आणि सात म्हणायची काही गरज दिसली नाही.

लहान मुलांना घेऊन जहाजावर सुट्टी घालवणं म्हणजे घरचीच कामं कोंदट जागेत, हलत्या फरशीवर आणि गणवेशातल्या लोकांसमोर करणं. सकाळी बुफेची रांग. त्या रांगेत माणसं अशी उभी असत की जणू जहाज आत्ता बुडणार आहे आणि खाली जाण्याआधी शेवटचं पोटभर खाऊन घ्यायचंय. दुपारी पोहण्याचा तलाव. तो साधारण मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढा होता आणि त्यात मावतील तेवढी मुलं होती. पाणी मुलांच्या मधल्या फटींत होतं. संध्याकाळी करमणूकप्रमुख नावाचा एक मनुष्य माइक घेऊन सगळ्यांना आनंद झाला आहे का, असं विचारी. झालाय म्हटलं तर त्याला ऐकू येत नसे. तो पुन्हा विचारी.

दंतवैद्यांच्या कुटुंबाला ह्याखेरीज आणखी एक काम होतं. जहाजाच्या मधोमध मोठा दिवाणखाना होता आणि त्यात काचेच्या लिफ्टा. साडू दिवसभर त्या दिवाणखान्यात पाय पसरून बसत. खालून कोण कुठल्या मजल्यावर उतरतं ते सगळं दिसे. त्यामुळे खोलीवर जायचं झालं की दंतवैद्य कुटुंब बाबागाडीसकट लिफ्टमध्ये शिरे, आठवं बटण दाबी, साडूंना हात हलवी, आठव्या मजल्यावर उतरे, लांबच लांब गालिच्यावरून मागच्या टोकाला जाई आणि तिथल्या जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत खाली येई. बाबागाडी दंतवैद्य पुढून धरत, त्यांची बायको, म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी, मागून. मध्ये भोंगा बसलेला असे, पालखीतल्यासारखा. एखादी टोपी, एखादी दुधाची बाटली खोलीत राहिली की हाच प्रवास पुन्हा. दात उपटताना दंतवैद्यांना कधी इतका घाम फुटला नव्हता.

मिरीला घरूनच पढवून आणलं होतं. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो, खोली छान आहे, समुद्र दिसतो. ती हे कवितेसारखं म्हणून दाखवी आणि मग आईकडे बघे. प्रत्येक वेळेला एक आइस्क्रीम, असा करार होता. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता मावशीला तो मजकूर ऐकवला आणि परस्पर दोन आइस्क्रीमं मागितली. एक मजल्याचं, एक समुद्राचं.

साडूंचा मुलगा आठ वर्षांचा होता. त्याला सगळे विद्वान म्हणत, आणि तो ते खरं मानून चालला होता. लिफ्टशेजारचा जहाजाचा नकाशा त्याने पाठ केला होता. त्याने काकांना विचारलं, तुमची खोली आठव्यावर कुठल्या बाजूला? दंतवैद्य म्हणाले, मध्ये. विद्वान म्हणाला, मध्ये तर लिफ्ट आहे. धाकटीने घाईघाईने त्याच्या अभ्यासाची चौकशी केली. अशा वेळी अभ्यास फार उपयोगी पडतो.

साडू रोज नाश्त्याला गॅलरीतल्या सूर्योदयाचं वर्णन करत. सूर्य त्यांच्यासाठीच उगवला होता, असं ऐकणाऱ्याला वाटे. "तुम्हालाही तोच दिसत असेल म्हणा," ते उदारपणे पुस्ती जोडत, "थोडा खालून." दंतवैद्य मान डोलवत. तोपर्यंत त्यांनी सूर्य फक्त बुफेच्या खिडकीतून, भाजलेल्या पावांच्या ढिगामागे पाहिला होता. या की एकदा आमच्याकडे बसायला, असं मात्र दोघांपैकी कोणीही म्हणत नव्हतं. आमच्याकडे पसारा फार आहे, असं थोरली सांगे. धाकटी म्हणे, मुलं म्हटली की पसारा आलाच. बहिणी एकमेकींना किती समजून घेतात, असं त्यांच्या वडिलांना वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तलावाकाठी दोन्ही बहिणींचा फोटो काढायचं ठरलं. दोघींनाही आपली डावी बाजू चांगली वाटत होती, त्यामुळे उभं कसं राहायचं ह्याचा निकाल लागेना. साडू मागून सूचना देत होते, दंतवैद्य फोन धरून एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करत होते. अखेर मनासारखा फोटो आला. सगळ्यांनी तो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि मग धाकटीचं लक्ष बाबागाडीकडे गेलं. ती रिकामी होती.

प्रत्येकाला वाटत होतं, भोंगा दुसऱ्याकडे आहे. हे मात्र प्रामाणिकपणे वाटत होतं.

पुढच्या काही मिनिटांत धाकटीच्या चेहऱ्यावरची सगळी सुट्टी उतरली. ती तलावाच्या काठाने धावत पाण्यात बघत होती. पाणी दिसत नव्हतं, मुलंच दिसत होती, आणि त्यातलं प्रत्येक मूल पाठमोरं भोंग्यासारखं होतं. दंतवैद्यांनी खुर्च्यांखाली पाहिलं. माइकवाल्याने गाणं थांबवून सगळ्यांना विचारलं की लाल टोपीतला मुलगा कोणी पाहिला का, आणि सवयीने पुढे म्हणाला, ऐकू येत नाहीये, जरा जोरात.

मग गणवेशातली सुरक्षा अधिकारी आली. शांत बाई होती. तिने नाव, वय, कपडे विचारले. लहान मुलं बहुतेक वेळा सापडतात आणि सापडली की आम्ही त्यांना थेट खोलीवर आणून सोडतो, असं तिने सांगितलं. तुम्ही खोलीत जाऊन थांबा. खोली क्रमांक?

दंतवैद्यांनी तोंड उघडलं. समोर अधिकारी होती. तिच्या डाव्या हाताला साडू उभे होते, उजव्या हाताला थोरली, आणि मध्ये नकाशा पाठ असलेला विद्वान.

"आठ-एकशे चौदा," दंतवैद्य म्हणाले.

हा क्रमांक त्यांच्या ओळखीचा होता. जिना गाठण्याआधी ते रोज त्याच दाराला बाबागाडी टेकवून दम खात. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. आईचं काळीज, असं म्हणायची पद्धत आहे. त्या काळजाने एकदा थोरल्या बहिणीकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हो," ती म्हणाली, "चौदाच."

आम्हीही येतो तुमच्या खोलीवर, असं साडू म्हणाले, तेव्हा दंतवैद्यांनी त्यांना कळकळीने तलावापाशी लक्ष ठेवायला सांगितलं. मग हे तिघं लिफ्टने आठव्यावर गेले, गालिच्यावरून चालत गेले आणि जिन्याने दुसऱ्या मजल्यावर येऊन बसले. पडद्यामागचा दिवा चालू होता. खाली कुठेतरी इंजिन घरघरत होतं आणि त्याच्या तालावर दात घासायच्या ब्रशांचा पेला किणकिणत होता. धाकटी पलंगाच्या कडेवर बसून दाराकडे बघत राहिली. कोणी आलं नाही.

कोणी कसं येईल, हा प्रश्न मिरीने विचारला. पोलीसबाईंना तर आपण आठव्याचं सांगितलं ना? मग त्या भोंग्याला आठव्यावर नेतील.

दंतवैद्य उठले. धाकटी त्यांच्या आधी उठली होती. "तू सांगितलंस," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस," ते म्हणाले. एवढं भांडण दारातच उरकून ते धावत सुटले. धावले जिन्याने. काचेच्या लिफ्टमधून दिसलं असतं.

भोंगा खरोखरच सापडला होता. लिफ्टमध्ये बसून तो वरखाली करत होता. दोन दिवसांत त्याला तेवढंच शिकवलं गेलं होतं. खोल्या आवरणाऱ्या एका मुलीने त्याला उचलून, सांगितल्या खोलीवर, म्हणजे आठ-एकशे चौदावर नेलं होतं. दार उघडणाऱ्या बाईंनी आपल्याला मूल नसल्याचं सांगितलं होतं. त्यांचं वय पाहता हे पटण्यासारखं होतं. तोवर भोंगा त्यांच्या पायांमधून आत शिरून गॅलरीत गेला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता.

दंतवैद्य धापा टाकत तिथे पोचले तेव्हा दारात गर्दी होती. मूल सापडल्याचं तलावापाशी कळलं होतं आणि साडू आधार द्यायला थोरली आणि विद्वानासह थेट सांगितल्या खोलीवर आले होते. आत एक अनोळखी बाई अंघोळीचा झगा घालून, तोंडाला हिरवट लेप लावून उभ्या आहेत हे पाहून साडूंमधला कर सल्लागार जागा झाला होता. ही खोली आमच्या साडूंच्या नावावर आहे, असं ते त्यांना सांगत होते. तुम्ही इथे कुठल्या अधिकाराने राहताय? पुरावा दाखवा. बाईंनी झगा आणखी घट्ट केला. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच दंतवैद्यांची बाजू घेतली होती आणि ती इतक्या हिरिरीने घेतली होती की थांबवावं तरी कसं ते कोणाला कळेना.

"हे बघा, डॉक्टर आलेच," साडू म्हणाले. "सांगा ह्यांना."

लेप लावलेल्या बाईंनी दंतवैद्यांकडे वळून विचारलं, "तुमची आहे ही खोली?"

दंतवैद्यांनी दाराकडे पाहिलं, क्रमांकाकडे पाहिलं, जणू क्रमांक ऐन वेळी त्यांच्या बाजूने साक्ष देईल. आतून भोंग्याचा आवाज आला. रडण्याचा नव्हता. तो खूश होता, आणि ते जास्त लागलं.

"ताई," धाकटी म्हणाली, "आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे."

सगळं संपल्यासारखं झालं होतं आणि तिथेच थांबली असती तर धाकटीबद्दल चार चांगले शब्द लिहिता आले असते. पण तिने श्वास घेतला आणि पुढे म्हणाली, "खाली बोट लागत नाही ना. डॉक्टरांनी मुद्दाम घेतली. जाणकार लोक खालचीच घेतात."

"हो का?" थोरली म्हणाली. ह्या दोन शब्दांत ती पुढची दहा वर्षं बोलणार होती. साडूंनी दंतवैद्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या मायेने त्यांनी आजवर फक्त दिवाळं निघालेल्या अशिलांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

बाईंनी वैतागून सगळ्यांनाच आत घेतलं. मूल घ्या आणि निघा, म्हणाल्या. धाकटी धावत गॅलरीत गेली आणि भोंग्याला तिने इतकं घट्ट धरलं की तो खरोखरच रडू लागला. त्याची चड्डी भरलेली होती. दुसऱ्या मजल्यावर जे करायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, ते त्याने इथे निवांतपणे उरकलं होतं. तिच्या मागोमाग दंतवैद्य, साडू, थोरली, मिरी आणि विद्वान असे सगळे त्या अरुंद गॅलरीत दाटीवाटीने उभे राहिले आणि कठड्यापलीकडे बघू लागले.

कठड्यापलीकडे हातभर अंतरावर नारिंगी रंगाची लाइफबोट टांगलेली होती. ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. तिच्या पोटाला गंजाचे ओघळ आले होते. समुद्र दिसत नव्हता.

मिरीने मान तिरकी करून पाहिलं, तरी दिसला नाही.

"आमच्या गॅलरीतून हिचं छप्पर दिसतं," विद्वानाने माहिती दिली. "बाकी काही नाही."