घाट बंद व्हायच्या आत

चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला गाडीचा हीटर म्हणजे एक छोटं पाणीपुरवठा खातंच वाटणार. इंजिनात तापलेलं पाणी रबरी नळीतून डॅशबोर्डमागच्या वहीएवढ्या जाळीत येतं, तिथून फिरून दुसऱ्या नळीने परत जातं, पंखा जाळीवर वारा मारतो आणि बसणाऱ्यांच्या पायांना ऊब लागते. ऊब लागत नव्हती, अर्थात पाणी पोचत नव्हतं. आणि पाणी न पोचणं या विषयात प्रेशरसाहेबांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. नळ कोरडा आहे अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की ते आधी खुर्ची द्यायचे आणि मग म्हणायचे, "प्रेशर नाही." हे निदान कधी चुकलं नाही. पाणी मात्र क्वचितच आलं. त्यांचं नावही त्यातूनच पडलं.

शुक्रवारी सकाळी ते अंगणात बॉनेट उघडून उभे होते, ते मात्र हौस म्हणून नव्हे. घाटापलीकडच्या गावात त्यांच्या बायकोची थोरली बहीण शेवटच्या दुखण्यात होती. आदल्या दिवशी भाचीचा फोन आला होता, "मावशी, यायचं तर आता ये. आई सारखी तुलाच हाका मारते." शनिवारी दुपारी बर्फामुळे घाट बंद होणार होता, तो उघडणार दोन महिन्यांनी. ताईपाशी दोन महिने नव्हते. टॅक्सीवाले म्हणाले, नेऊ, पण गाडी तिकडे अडकली तर आम्ही इकडे काय खायचं? मेकॅनिकने सोमवार दिला होता. आणि बायकोच्या छातीचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीत ऊब असेल तरच प्रवास.

"अहो, होईल ना?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"अगं, पाणीच तर आहे."

शेजारचे दातांचे डॉक्टर दवाखान्यात जायच्या आधी कुंपणाशी आले. दुसऱ्याचं तोंड उघडं दिसलं की त्यांना राहवत नसे, मग ते बॉनेटचं का असेना.

"कुठे दुखतंय?"

"एक नळी गरम, दुसरी थंडगार. जाळी तुंबलीय."

"कशाने?"

साहेब थोडा वेळ पक्कड पुसत राहिले. गेल्या वर्षी रेडिएटर थेंब थेंब गळत होता. गळती बुजवायची पावडर मिळते, ती त्यांनी पाण्यात घातली होती. डब्यावर लिहिलं होतं, अर्धा डबा. पण अर्ध्यामुर्ध्या कामांचे परिणाम साहेबांनी जन्मभर पाहिले होते, म्हणून त्यांनी दोन डबे घातले. गळती थांबली. तिच्या जोडीला गाडीत जे जे थांबण्यासारखं होतं, ते थांबलं.

"म्हणजे तुम्हीच बुजवलंत," डॉक्टर म्हणाले.

"मी गळती बंद केली."

"आमच्याकडेही येतात असे. दाताची कळ मीच घालवली म्हणतात, आणि गाल हा एवढा."

साहेबांनी दोन्ही नळ्या सोडवल्या आणि बागेच्या नळाचा पाइप जाळीच्या एका तोंडाला लावला. दुसऱ्या तोंडातून तपकिरी गाळ आला आणि मग दोऱ्याएवढी धार. पंधरा मिनिटांनी ती सुतळीएवढी झाली.

"वा! निघतंय की. दोनेक तास असंच चालू द्या, घाई नको," डॉक्टर म्हणाले.

साहेब धारेकडे बघत राहिले. अशी धार दाखवून लोकांनी चौतीस वर्षं त्यांना शिव्या घातल्या होत्या.

"प्रेशर नाही," ते म्हणाले, आणि टाकीचा पंप आणून जोडला.

"साहेब, जुनी जाळी आहे. आम्ही निदान भूल तरी देतो."

पंप सुरू झाला. आत कोणी चुटकी वाजवावी एवढाच आवाज आला. पाठोपाठ बाहेरची धार थांबली. पाणी गेलं कुठे, हे डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. डॅशबोर्डखालून ते खळाळून वाहत होतं आणि पुढच्या सीटखालची सतरंजी तरंगत होती. साहेबांच्या आयुष्यात इतकं भरपूर पाणी इतक्या पटकन कुठेही पोचलं नव्हतं.

बायको पिशवी भरून, दोन स्वेटर घालून बाहेर आली. "झालं?"

तिने वाकून आत पाहिलं. तिचे पाय जिथे राहणार, बरोबर तिथेच तळं साचलं होतं.

"वहिनी, मी निघतो, पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले आणि खरोखरच गेले.

साहेबांनी जाळी वगळून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या. इंजिन सुरळीत चालू झालं, कुठेही गळेना. काम इतकं चोख झालं होतं की त्यांनाच ते बघवेना.

"गाडी चालतेय ना?" बायको म्हणाली. "मग चला."

"अगं, तुझ्या छातीच्या डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांची बहीण आहे का ती?"

गरम पाण्याच्या तीन पिशव्या, दोन रजया आणि पायांखाली पुठ्ठा, असा सरंजाम करून ते निघाले. पेट्रोल पंपापर्यंत ती ताईच्या आठवणी सांगत होती. घाटाच्या पायथ्याशी पिशव्या निवल्या. काच आतून धुरकटायला लागली. साहेब एका हाताने ती पुसत, दुसऱ्याने गाडी हाकत. चौथ्या वळणावर तिला ढास लागली, ती सहाव्यापर्यंत थांबली नाही. ओठ निळसर दिसायला लागले.

साहेबांनी गाडी माघारी वळवली.

"पुढे," ती खोकल्यातून म्हणाली, "पुढे चला." आणि स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातावर तिने चापट मारली. चाळीस वर्षांच्या संसारातली पहिलीच. तिच्यात जोर नव्हता, म्हणून जास्त लागली.

शनिवारी दुपारी घाटावर अडसर पडला. त्याच सुमाराला बायको पलंगावर बसून फोनवर बोलत होती. पलीकडे भाचीने फोन ताईच्या कानाशी धरला होता.

"गाडीच बिघडली गं ताई. नाही, ह्यांनी पुष्कळ खटपट केली... ऐकतेयस ना?"

"मावशी, आईचा डोळा लागला बहुतेक," भाचीचा आवाज आला. "तू बोल, मी फोन धरून ठेवते."

साहेब दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. बायकोने त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं, आणि बोलत राहिली.